दुपारपर्यंतची शाकाहारी

"घेऊन जा ते," युरुई म्हणाली आणि माशाच्या साराचा वाडगा तिनं एका बोटानं लांब ढकलला.

सून लीछिंगनं वाडगा उचलला नाही. खोलीभर आल्याचा वास पसरला होता. सासूच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन पाच आठवडे झाले, तरी जखम भरत नव्हती. टोफू झाला, शेंगदाण्याची पेज झाली. म्हातारीला काही पचेना. मासे-अंडी पोटात गेली नाहीत तर पुढचं मला विचारू नका, असं डॉक्टरनं काल स्पष्टच सांगितलं होतं.

पण युरुईचा नवस होता. अठ्ठावीस वर्षांपूर्वी तिचा मुलगा खुनशान बोटीसकट वादळात सापडला. तिनं समुद्रदेवी मात्सूला शब्द दिला: पोराला परत आण, मरेपर्यंत मासमच्छीला शिवणार नाही. चौथ्या दिवशी पोरगा परत आला. तो अजूनही बोटीवरच होता, आत्ताही तैवानच्या समुद्रात कुठेतरी जाळी टाकत होता. सार प्यायलं तर पोरगा जाणार, नाही प्यायलं तर आपण जाणार, हे तिच्या मनानं पक्कं धरलं होतं. कोणी जायचं तेही तिनं ठरवून टाकलं होतं.

लीछिंगही शाकाहारी होती, पण दुपारी बारापर्यंत. लग्नानंतर खुनशान पहिल्यांदा बोटीवर गेला तेव्हा तिनंही नवस केला. मात्र ती पडली मासे विकणारी बाई. तिनं देवीशी घासाघीस केली आणि सकाळचं तेवढं सोडलं. आनपिंग बंदरावर असे सकाळपुरते, नाहीतर अमावास्या-पौर्णिमेपुरते शाकाहारी पुष्कळ आहेत. युरुईला त्या सगळ्यांचा राग होता. संध्याकाळी लीछिंगनं तळलेला मासा पुढ्यात घेतला, की शेजारच्या बाओजूला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणायची, "आमची सून दुपारपर्यंत भिक्षुणी, दुपारनंतर मांजर!" बाओजूही कडक शाकाहारी. ती पलीकडून खिदळायची.

लीछिंग खात राहायची. चवीनं खायची, हेही सांगायला हवं. पहाटेपासून बर्फात हात घालून उभ्या राहणाऱ्या बाईला दिवसात तेवढंच एक सुख होतं.

"आई, देवीला विचारून बघू या का?" लीछिंग म्हणाली.

"काय विचारणार? शब्द दिला तो दिला. मी नाही तिला तोंड दाखवणार."

"तुम्ही नका दाखवू. मी जाते. मला काय, सवय आहे निर्लज्जपणाची."

ती अंगावरचा एप्रन न काढताच देवळात गेली. एका बाजूनं सपाट, दुसऱ्या बाजूनं फुगीर असे लाल रंगाचे दोन लाकडी ठोकळे घेऊन देवीपुढे गुडघे टेकले आणि कौल लावला. "आईंना नवसातून सोड." दोन्ही ठोकळे उताणे पडले. म्हणजे देवी नुसती हसली. "बरं, निदान दुपारनंतर तरी सोड." दोन्ही पालथे पडले. साफ नकार.

मग पुढे वाकून तिनं देवीला हळूच काहीतरी सांगितलं आणि ठोकळे टाकले. एक उताणा, एक पालथा. होकार. पक्का कौल तीनदा लागतो. तिन्ही वेळा तेच पडलं. लीछिंगला हायसं वाटलं, आणि थोडं वाईटही वाटलं.

"बारापर्यंत तुमचं व्रत तसंच पाळायचं," घरी येऊन तिनं सांगितलं. "बारानंतर मोकळीक."

"देवी घासाघीस करते?"

"माझ्याशी करते."

"बदल्यात काय घेतलं तिनं?"

"काही नाही. मोठ्या मनाची आहे."

युरुईनं घड्याळाकडे पाहिलं. दीड वाजला होता. तिनं डोळे गच्च मिटून पहिला चमचा घेतला. चौथ्या चमच्याला डोळे उघडले आणि मीठ कमी आहे म्हणून कुरकुरली.

महिन्याभरात जखम भरली. खुनशान बोट घेऊन धडधाकट परतला, आठ दिवस राहिला आणि पुन्हा गेला. युरुई काठी टेकत टेबलापर्यंत येऊ लागली. संध्याकाळी लीछिंग तिच्यापुढे तळलेला मासा ठेवायची आणि स्वतः पालेभाजी घ्यायची.

"तुझा मासा कुठाय?"

"पोट बरं नाही, आई."

दुसऱ्या दिवशी दात दुखत होता. तिसऱ्या दिवशी युरुईनं विचारलं नाही. स्वयंपाकघरात पाहिलं, तर सून आपली भाजी युरुईच्या वेगळ्या कढईत परतत होती. त्या कढईला आजवर माशाचा वाससुद्धा लागलेला नव्हता. म्हातारी दारातच थांबली. मग ती टेबलाशी जाऊन बसली.

तेवढ्यात बाओजू वाफाळत्या पावांची टोपली घेऊन आत आली. युरुईच्या हातात माशाचा काटा बघून ती जागच्या जागीच थबकली.

"अगं युरुई! अठ्ठावीस वर्षं! आता तूही घातलंस का पाणी नवसात? बसलीस सुनेच्या पंगतीला?"

लीछिंग घाईघाईनं मध्ये पडणार होती. युरुईनं हातानंच तिला गप्प केलं. माशाचा काटा ताटाच्या कडेला नीट ठेवला.

"बाओजू, या घरात आधी दीड शाकाहारी होते, आताही दीडच आहेत," ती म्हणाली. "फक्त त्यातली अर्धी आता मी आहे."