काळी रेघ

हर्षला मॅडमच्या कळंबच्या बंगल्यावर दूध घालायला आलेला आबाजी भिंतीवरच्या फ्रेमसमोर थबकला. मधे निळा पट्टा, दोन्हीकडे हिरवे-पिवळे तुकडे आणि उजवीकडून गेलेली जाड काळी रेघ.

"कुठला नकाशा हाय, मॅडम?"

"नकाशा नाही हो. जुन्या फ्रेंच मासिकातलं चित्र आहे, दगडावरून छापलेलं. मी जमवते अशी."

"कशाचं चित्र?"

"कशाचंच नाही."

कशाचंच नाय ते काचेत कोण लावतं? नव्या रस्त्याची मोजणी गेल्याच महिन्यात झाली होती. निळा म्हणजे ओढा, काळी रेघ म्हणजे रस्ता. ओढ्याच्या डावीकडे आपलं शेत, उजवीकडे शेजारच्या चांगोचं. म्हणजे गेला चांगो. आबाजी निवांत घरी गेला. चांगोला मात्र काही बोलला नाही.

त्याच आठवड्यात मॅडमना एका पुस्तकात तेच चित्र सापडलं आणि आपण ते उलटं टांगलंय हे कळलं. त्यांनी फ्रेम फिरवून लावली.

सकाळी आबाजी भिंतीकडे बघतच राहिला. रेघ ओढ्याच्या डावीकडे आली होती, थेट त्याच्या शेतात. त्याने दुधाची किटली खाली ठेवली.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "चांगो कधी येऊन गेला?"