वेलांटी

अर्धांगाच्या झटक्यानंतर व्याकरणाच्या मास्तरांकडे एकच शब्द उरला होता, 'हो'. चहा हवा? हो. चहा नको? तरीही हो. "चाळीस वर्षांत माझ्या एका गोष्टीला हो म्हणाले नाहीत," त्यांची बायको म्हणायची, "आता होला हो करणारा हा माणूस मला परकाच वाटतो."

स्पीच थेरपीत एम.एस्सी. करणाऱ्या पोरीचा हा पहिलाच पेशंट. दोन महिने चित्रांची कार्डं दाखवून तिचेच हात दुखायला लागले होते. त्या सकाळी दवाखान्यात नदीचं कार्ड सापडेना, म्हणून तिने घाईघाईत कागदावर नदी काढली आणि खाली लिहिलं, 'नदि'.

मास्तरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. ओठ थरथरले, बोट त्या वेलांटीवर आपटलं. पेशंट शब्द शोधत असताना मध्ये बोलायचं नाही, हे शिकलेली पोरगी श्वास रोखून बसली.

"दी... दीर्घ," मास्तर गरजले. "गाढव."

"मॅडम, मास्तर मला गाढव म्हणाले," असं ओरडत पोरगी हरखून आपल्या गाईड मॅडमच्या खोलीकडे पळाली.

दारात उभ्या बायकोने डोळे पुसले.

"आले," ती म्हणाली. "आमचे हे आले."