आगाऊ बक्षिसी

"मासेमारीच्या गाइडला वरचे किती द्यायचे असतात हो?" तिने लॉजच्या मालकिणीला हळूच विचारलं. सासरे बाहेर बाकावर बसून बुटाची नाडी बांधत होते. त्यांच्या कानावर हे गेलं असतं, तर त्यांनी तिथेच हुज्जत घातली असती.

"भाड्याचा दहावा हिस्सा," मालकीण म्हणाली. "मोठा मासा लागला तर लोक खुशीने जास्तही देतात. पण बोटीतून उतरल्यावर हं. आधी दिले की माणूस सैलावतो."

तिला मात्र आधीच द्यायचे होते. काम तसंच होतं.

नवरा होता तेव्हा बापलेक दरवर्षी या तळ्यावर यायचे. परतल्यावर आठवडाभर निसटलेल्या माशाची लांबी वाढतच जायची. मग तो अचानक गेला आणि गळाच्या काठ्या माळ्यावर गेल्या. तेव्हापासून सासरे खिडकीशी बसत आणि ताटातलं अर्धं तसंच ठेवून उठत. ऑफिस, स्वयंपाक, त्यांची औषधं सगळं ती एकटी बघत होती, त्याबद्दल तिची कुरकूर नव्हती. पण हा माणूस तिच्या डोळ्यांदेखत विझत चालला होता, आणि आपलं म्हणावं असं तिला त्याच्याशिवाय कोणी उरलं नव्हतं. एक मासा लागला तर बाबा पुन्हा माणसांत येतील, असं तिच्या मनाने घेतलं. तिने भीत भीत तळ्याचं नाव काढलं, तर ते चक्क हो म्हणाले. एकच अट घातली, तिनेही गळ टाकायचा.

धक्क्यावर गाइड बोटीतलं पाणी उपसत होता. तिने एक मोठी नोट त्याच्या हातात कोंबली.

"दादा, बाबांना आज मासा लागलाच पाहिजे. कसा ते तुम्ही बघा."

"अहो ताई, पण ऐका तर..."

"पणबिण काही नाही. आले ते. ठेवा खिशात."

त्याने नोट ठेवली, पण तोंड असं केलं, जणू कडू औषध गिळलंय.

आणि दिवस निघाला तो उलटाच. पहिला मासा लागला तो तिला. दुसराही तिलाच. जिने जन्मात कधी काठी धरली नव्हती, तिला!

"आंधळ्याच्या गायी देव राखतो म्हणतात, ते हे," सासरे म्हणाले.

"बाबा, जागा बदलू या का आपण?"

"मी बरा आहे इथे. तू आपली दोरी सांभाळ."

गाइड सारखा तिच्याच मागे. "ताई, सैल सोडा. हं, आता ओढा!" सासऱ्यांकडे तो ढुंकूनही बघत नव्हता. ते बिचारे पाठ करून स्वतःचं आमिष स्वतःच लावत आणि पुन्हा दोरी सोडून बसत. तिने गाइडकडे डोळे वटारून पाहिलं. त्याने लगेच आभाळात काहीतरी शोधायला घेतलं.

दुपारी सगळ्यांत मोठा मासा आला. तोही तिलाच. बोटीत येताच त्याने शेपटीने तिच्या गालावर सणसणीत चपराक मारली, ती बादलीत बसली, आणि मासा आरामात पाण्यात परत गेला. ती हसत सुटली. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग एकदम भानावर येऊन गप्प झाली. सासरे तोंड फिरवून पाण्याकडे बघत होते. ज्याच्यासाठी एवढा घाट घातला तो कोरडाच, आणि आपण खिदळतोय! तिची तिलाच लाज वाटली.

संध्याकाळी धक्क्याला लागेपर्यंत सासऱ्यांच्या काठीने साधी मानही हलवली नव्हती. आणि तरी त्यांनी, टॅक्सीवाल्याकडून सुट्टे पैसे मागून घेणाऱ्या त्या कवडीचुंबक माणसाने, नोटांची एक जाड घडी गाइडच्या हातात दिली. मग ते गुणगुणत गाडीकडे गेले.

ती मात्र मागे वळली.

"दादा, माझेही घेतलेत, त्यांचेही घेतलेत. म्हाताऱ्या माणसाला दिवसभर नुसतं ताटकळत ठेवलंत. मनाला काही वाटतं का?"

गाइडने खिशातून तिची नोट काढून तिच्या हातावर ठेवली.

"हे घ्या तुमचे. सकाळी तेच सांगत होतो, पण तुम्ही बोलू देईनात. तुमचं काम होण्यासारखंच नव्हतं, ताई. काल संध्याकाळी लॉजवरून आजोबा एकटेच इथे येऊन गेले. त्यांच्या दोरीचा गळ त्यांनी स्वतः कापून माझ्याकडे दिला. म्हणाले, बोटीत येईल तो एकूण एक मासा माझ्या सुनेला लागू दे, पोरगा गेल्यापासून ती एकदाही हसलेली नाही."