थरथर

दर दिवाळीच्या पाडव्याला हवालदार रामलिंग चौगुले तानूमावशींच्या घरी जायचा. सुरुंगाच्या स्फोटात मावशींचा मुलगा विलास, त्याच्याच पलटणीतला जवान, त्याच्या डोळ्यांदेखत गेला होता. तो कसा गेला, हे मावशी दरवर्षी विचारायच्या. रामलिंगच्या तोंडून शब्द फुटत नसे, नुसता उजवा हात थरथरायचा. मावशी तो हात आपल्या मांडीवर धरून बसायच्या.

यंदा त्याच्या कानामागे मसुराएवढी चकती होती. लष्करी इस्पितळातल्या नव्या प्रयोगात त्याचं नाव लागलं होतं. आठवण तशीच ठेवायची, तिचा दंश तेवढा चकतीनं काढायचा, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. आता त्याला शांत झोप लागायची. फटाक्यांनी तो दचकत नव्हता.

"सांग की रं, कसा गेला माझा विलास?" मावशींनी त्याचा हात मांडीवर घेतला.

त्यानं पहिल्यांदाच सगळं सांगितलं. पायवाट, धूर, विलासची शेवटची हाक. कुठंही न अडखळता, रेडिओवरच्या बातम्या सांगाव्यात तसं. हात लाकडासारखा पडून होता.

मावशी त्याच्याकडे बघतच राहिल्या. "इतकी वर्सं आपण दोघं हुतो," त्या म्हणाल्या. "आता मी एकलीच ऱ्हायले व्हय रं?"

रामलिंगला त्यांचं दुःख कळत होतं, पण आत काहीच हलत नव्हतं. मग त्यानं मुद्दामच हात थरथरवायला सुरुवात केली.

मावशींनी तो क्षणभर पाहिला. "असू दे, पोरा," म्हणत त्यांनी तो अलगद उचलला आणि त्याच्याच मांडीवर नेऊन ठेवला.