लांबीकाकांची खिडकी

"आमच्या खिडकीत तुम्हाला काही सापडायचं नाही," लांबीकाका दार उघडताच म्हणाले. "बिल्डिंगमधली सगळ्यात कोरडी खिडकी आहे ही. वाटलं तर हात लावून बघा."

उंचीने काका बेताचेच होते. दिसेल त्या फटीत लांबी भरण्याचा त्यांना नाद, म्हणून शेजाऱ्यांनी हे नाव ठेवलेलं. हल्ली ते लांबीऐवजी सिलिकॉन वापरायचे, पण नाव चिकटलं ते चिकटलं. निवृत्तीनंतर माणसं फिरायला जातात, पेपर चाळतात, सुनेच्या स्वयंपाकात लक्ष घालतात. काकांनी सिलिकॉनची बंदूक विकत घेतली आणि मजल्यामजल्यावर जाऊन लोकांच्या गळक्या खिडक्यांची फुकटात मलमपट्टी केली.

पाहणीला आलेल्या बाई हसल्या. मागच्या वादळात बाहेरच्या भिंतीवरचा एक मोठा पत्रा सुटून खाली गाड्यांवर कोसळला होता. तेव्हापासून या इमारतीचं काम त्यांच्याकडे होतं. सकाळभर दोरांवरच्या पाळण्यात उभं राहून त्यांनी पत्रे ठोकून बघितले होते. पत्रे धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या गंजून खारकेसारख्या सुरकुतल्या होत्या, आणि ओल अडवणारा थर बांधणाऱ्याने आत घातलाच नव्हता. आता घराघरांत जाऊन आतून बघायचं होतं.

आतल्या खोलीत पलंग खिडकीखालच्या भिंतीला डोकं लावून ठेवला होता. काकू उशीला टेकून पडल्या होत्या. "या," त्या म्हणाल्या, आणि पुढचं बोलणं खोकल्यात गेलं. खोकला थांबता थांबेना. काका त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"वर्ष होत आलं," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, छातीत काहीतरी बसलंय. कशाने ते कुणालाच सांगता येत नाही. म्हणून मी हिला बाहेरच्या खोलीतून इथे आणलं. उजेड आहे, हवा आहे, ओल औषधालासुद्धा नाही."

"ह्यांनी भोकं बुजवली ना," काकू दम घेत म्हणाल्या. "आधी भिंत नुसती फुगायची. दिवस दिवस त्या खिडकीशी झोंबत होते. मी म्हटलं, लग्न माझ्याशी केलंत की खिडकीशी?"

बाईंनी काच सरकवली आणि बाहेर वाकून चौकटीची खालची कड बघितली. तिथली बारीक भोकं एकूण एक बुजवलेली होती. काम इतकं सुबक की बोट फिरवलं तरी सांधा लागू नये. अशीच बुजवलेली भोकं त्यांनी सकाळपासून कितीतरी मजल्यांवर बघितली होती. हात एकाच माणसाचा होता.

मग त्या पलंगाच्या कडेला, भिंतीशी गुडघ्यांवर बसल्या. खिडकीखाली भिंतीला ठोकलेला बोर्ड नुकताच रंगवलेला, छान पांढराशुभ्र. ओल मोजायचं यंत्र टेकवलं, तर ते किंचाळायलाच लागलं. बाईंनी ते घाईने बंद केलं. कोपऱ्यात पट्टी घालून बोर्ड जरासा ओढला, तर तो चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा हातात आला. मागे सगळं काळं होतं. जाड, केसाळ, आणि काकूंच्या उशीपासून वीतभर अंतरावर.

बाई उठल्या आणि काकांना खुणेनेच स्वयंपाकघरात घेऊन गेल्या.

"काका, चौकटीच्या खालची भोकं का बुजवलीत?"

"का म्हणजे? तिथूनच तर पाणी आत येत होतं."

"येत नव्हतं. जात होतं." बाईंनी आवाज आणखी खाली आणला. "पावसाचं थोडं पाणी चौकटीत शिरतंच. ते बाहेर पडावं म्हणून ती भोकं कारखान्यातच पाडलेली असतात. आता त्याला वाट नाही, म्हणून ते भिंतीत उतरतंय."

काकांनी ओट्याची कड धरली. "आणि हिचा खोकला?"

"मी डॉक्टर नाही, काका."

"डॉक्टरांना विचारून झालंय. तुम्हाला विचारतोय."

"भिंतीत बुरशी आहे. खूप आहे. त्यांना आजच त्या खोलीतून हलवा." काकांचा चेहरा बघून बाईंना राहवलं नाही. "मूळ चूक बांधणाऱ्याची आहे. त्याने ओल अडवणारा थर घातला असता, तर भिंत आधी फुगलीच नसती..."

काकांचं लक्ष नव्हतं. "बाहेरच्या खोलीत होती तेव्हा खोकला थोडाच होता," ते म्हणाले. "मीच नेऊन निजवलं तिला तिथे."

त्यांनी खणातून सुरी काढली आणि आतल्या खोलीत गेले. बाई मागोमाग गेल्या. काका काच सरकवून कमरेपर्यंत बाहेर वाकले, तेव्हा बाईंनी त्यांचा सदरा मागून घट्ट धरला. काकांनी सिलिकॉन कापून काढलं. क्षणभर काही झालं नाही. मग भोकातून तांबूस पाणी यायला लागलं. पाऊस जाऊन किती दिवस झाले होते, बाहेर लख्ख ऊन होतं, आणि पाणी खालच्या पोकळ पत्र्यावर ताशासारखं वाजत पडत राहिलं.

खिडकी काकूंच्या डोक्यामागे होती, पडल्या पडल्या त्यांना ती दिसत नव्हती. "पाऊस आला का हो?" त्यांनी विचारलं.

काका बाहेरच वाकलेले होते. "हो," ते म्हणाले.

"येऊ दे. आपल्याला कसली भीती," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी उशी भिंतीकडे आणखी सरकवून घेतली.