तिसरा कण

आमचे हे पाथर्डीला कॉलेजात फिजिक्स शिकवतात. चौऱ्याण्णवला आमचा मुलगा जोशुआ नागापूरला कारखान्यात लागला आणि घरात आम्ही दोघंच उरलो. तेव्हापासून हे घरी आले की गप्प. फक्त चहा झाला की हाक येते, "एस्तेर, आकडे वाच." दिवसभरात माझं नाव तेवढंच त्यांच्या तोंडी येतं. मी कागदावरचे आकडे वाचते, ते कॅल्क्युलेटरवर दाबतात.

"दोन कणांचं गणित लई सोपं असतं गं," ते काल म्हणाले. "तिसरा आला की गुंता होतो. तीन वर्षं झाली, उत्तर काही जुळत नाही. एकदा जुळलं, की तुला हा त्रास देणार नाही."



म्हणून तर मी रोज एक आकडा चुकीचा वाचते.