मुलाकडचा आकडा

नवऱ्यासोबत मुलगी पाहायला आलेल्या मुलाच्या आईने, हेमलताबाईंनी, शलाकाच्या रक्ताची बारा अंकी संख्या कागदावर उतरवली आणि सदतीसने भागली. बाकी शून्य.

“सदतीस! म्हणजे ठिसूळ हाडं. आमच्या घरात असला विभाजक नाही. हे दाखवायला बोलावलंत?”

शलाकाचे वडील मान खाली घालून बसले. तिने मात्र पेन्सिल ओढून घेतली. मुलाच्या पत्रिकेवर त्याच्या आईवडिलांच्याही संख्या होत्या. मूल दोघांकडून एकेक तरी विभाजक घेतंच, हे शाळेतली पोरंही जाणतात. पण मुलाकडचे आकडे तपासायची रीत नव्हती.

तिने मुलाच्या संख्येचा दोघांच्या संख्यांशी मसावि काढला. आईशी एकशे तीन. वडिलांशी फक्त एक, म्हणजे सामाईक काहीच नाही.

हेमलताबाईंनी कागदावर झडप घातली, पण शलाकाने तो आधीच त्यांच्या नवऱ्यापुढे सरकवला होता.

“काका, तुम्हीच एकदा भागून बघा.”